पाटीवरची पाटी

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास सगुणा खाडीकाठच्या कोळीवाड्यात परतली, तेव्हा तिच्या डोक्यावरील पाटी जाताना होती तितकीच भरलेली होती. वस्तुतः ती जाताना होती त्याहून जड असण्याचे काही कारण नव्हते. परंतु मान ते मान्य करीत नव्हती. ओट्याशी येताच सासूने, दगडाबाईने, हात लावला. दोघींनी मिळून पाटी उतरवली आणि सगुणाने डोक्यावरची चुंबळ भिंतीवर फेकून मारली.

"एक वाटाबी नाय गेला?" दगडाबाईने विचारले.

"नाय. आन रव्वारी त्यांची मीटिंग हाय. मना बसू द्यायची का नाय, त्याची."

डोंबिवलीच्या पश्चिमेस असलेल्या एका सोसायटीच्या फाटकाशी, बदामाच्या झाडाखाली, सगुणा अकरा वर्षे म्हावरे विकत आली होती. भाद्रपदात वर नदीकडून कसलेसे काळे पाणी उतरले, मेलेली बोय पांढरी पोटे वर करून खाडीभर तरंगली आणि ती बातमी छायाचित्रासह वर्तमानपत्रात आली. सगुणाच्या नवऱ्याने, गोमाजीने, दहा दिवस डोलीचे जाळे पाण्यात घातले नाही. सर्वपित्रीच्या उधाणाने खाडी धुऊन निघाली; म्हावरे परत आले; गिऱ्हाईक मात्र आले नाही. दरम्यान फाटकाजवळच्या दुकानदाराने काचेच्या झाकणाचा मोठा फ्रीजर आणला होता. त्यात गोठवलेल्या मासळीची रंगीत पाकिटे विटांसारखी रचलेली असत, आणि आता त्या फ्रीजरसाठी छप्पर हवे होते ते नेमके बदामाखाली.

हे सारे सगुणाने सोसले असते. तिला लागले होते ते कलावतीबाईंचे एक वाक्य. कलावतीबाई शाळेत गृहशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. कोणत्याही डब्यावरचा बारीक मजकूर भिंगाखाली धरून वाचल्याशिवाय तो डबा त्यांच्या घराचा उंबरा ओलांडत नसे. सकाळी त्या एक रिकामे पाकीट हातात धरून खाली आल्या होत्या.

"सगुणा, हे बघ. कुठे भरलं, कोणत्या महिन्यात भरलं, आत काय आहे, प्रथिनं किती, उष्मांक किती, सगळं छापलंय. तुझ्या पाटीवर काय लिहिलंय?"

"ताई, कल्ला उघरून बगा ना. लाल हाय का नाय?"

"लाल असेल गं. पण तो कुठल्या पाण्यात लाल झाला, हे कल्ला सांगतो का?"

यावर सगुणाला उत्तर सुचले नव्हते. अकरा वर्षांत गिऱ्हाइकापुढे तिला उत्तर सुचले नाही, असा तो पहिलाच प्रसंग होता. ते पाकीट तिने मागून घेतले आणि कमरेला खोचून आणले.

तिची मुलगी जनी ओसरीवर जाळ्याची भोके सांधत बसली होती. अठरा वर्षांची, दहावी पास, आणि घरात कोणी रागावले की हसू येणारी. सगुणाने तिला ते वाक्य ऐकवले.

"काय बोल्ली ती? पाटीवर काय लिवलंय? मग त्यात काय, आये! पाटी हाय ना आपल्यात."

"हाय तं! ही काय समोर परलीय, वास मारत."

"ती नाय गो. लिवायची." जनीने दातांत धरलेला दोरा तोडला, माळ्यावर चढली आणि धुळीने माखलेली आपली शाळेची दगडी पाटी घेऊन उतरली. तिची लाकडी चौकट एका कोपऱ्यात निखळली होती. तिथे तिने जाळ्याच्याच दोऱ्याने चार वेढे घातले. मग ती पाटी तिने म्हावऱ्याच्या पाटीच्या कडेवर टेकवून पाहिली. "बग. पाटीवर पाटी."

सगुणाने आधी तिच्याकडे, मग पाटीकडे पाहिले. तिच्या कपाळावरची आठी तशीच होती. पण ती जमिनीवर मांडी घालून बसली, याचा अर्थ तिने होकार दिला होता.

"वाच ते पाकीट," ती म्हणाली. "त्यांनी काय काय लिवलंय, ते समदं आपुन लिवायचं. एकबी सोरायचं नाय."

जनी मोठ्याने वाचू लागली. दगडाबाई तंबाखू मळीत ऐकत होती.

"भरल्यापासून नऊ महिन्यांत खावे."

"नऊ म्हैने!" दगडाबाईचा हात थांबला. "जल्लं मेलं, नऊ म्हैन्यात पोर होतंय. आन यांचा म्हावरा तवर बरफातच?"

"आजे, गप ना. उष्मांक, शंभर ग्रॅमला नव्वद."

"उष्मांक मंजे?"

जनी क्षणभर अडली. शाळेत तिने तो शब्द पाठ केला होता. पाठ केलेला शब्द आणि समजलेला शब्द यांतील अंतर तिला प्रथमच जाणवले. "उष्मा मंजे ऊब. मंजे... त्यात ऊब किती हाय ते."

"म्हावऱ्यात कसली ऊब?" दगडाबाई म्हणाली. "ऊब चुलीत. लिव तसा."

आणि जनीने, हसू दाबीत, खरोखरच तसे लिहिले.

संध्याकाळी गोमाजी खाडीवरून आला, तेव्हा तिघी पाटीभोवती डोकी जोडून बसल्या होत्या. त्याला वाचता येत नसे. पण जनीने वाचून दाखवलेली प्रत्येक ओळ त्याने मान तिरपी करून ऐकली आणि 'पाणी' या शब्दाशी तिला थांबवले.

"खारीचं पानी, असं कसं लिवतेस? खारीत दोन पानी हायत. भरतीचं येगलं, ओटीचं येगलं. भरतीला दर्या वर येतंय, ओटीला नदीची घान खाली येतंय."

"मग दोन्ही लिवते. पन बाबा, तुमी तं म्हावरा एकाच टोपल्यात टाकता."

गोमाजीने विडी विझवली. बत्तीस वर्षे तो भरती-ओहोटी दोन्हींचे म्हावरे एकाच टोपल्यात टाकीत आला होता. त्याच्या बापानेही तसेच केले होते, आणि त्या काळी त्यात काही चूकही नव्हती.

"दुसरा टोपला कारून ठेव," तो म्हणाला.

रविवारी गोमाजी सात वाजता होडी लावून चिखलातून वर आला, ते धावतच. चिखल मांडीपर्यंत होता, आणि मांडीपर्यंतच्या चिखलात कोणी धावत नाही. म्हणून बांधावर उभ्या असलेल्या सगुणाने ओळखले की काहीतरी घडले आहे. त्याच्या दोन्ही हातांत एकेक टोपला होता. उजवीकडच्यात भरतीचे म्हावरे होते: हातभर नसली तरी वीतभर, रुप्यासारखी बोय, अजून उड्या मारणारी कोलंबी, काथ्याने नांग्या बांधलेल्या सात चिंबोऱ्या, तोंडाशी फेस काढीत. डावीकडच्या टोपल्यातून मात्र एक शेपूट बाहेर लोंबत होते.

"जितारा!" जनी ओरडली.

तो जिताडाच होता, आठ-नऊ किलोंचा, सोनेरी डोळ्यांचा. तीन वर्षांत असा जिताडा त्या खाडीत कोणाला लागला नव्हता. शेजारपाजारच्या बायका धावल्या. कोणी त्याचे खवले चाचपले, कोणी सगुणाच्या पाठीवर थाप मारली. "आज मीटिंगीत यो ठेव टेबलावर, सगुने! तोंडं बंद होतील त्यांची!"

सगुणाचे डोळे चमकत होते. ती पाटीत केळीचे पान अंथरू लागली, आणि तेवढ्यात जनीने खडू हातात घेऊन विचारले:

"बाबा, जितारा कंच्या पान्याचा?"

गोमाजीने डावा टोपला खाली ठेवला.

"ओटीचा."

दगडाबाई पुढे आली. तिने जिताड्याचा कल्ला उघडला; तो रक्तासारखा लाल होता. तिने हुंगले, काही कळले नाही. मग तिने कोयता मागितला, शेपटीकडचा बोटभर तुकडा कापला, घरात नेला आणि चुलीवर उकळणाऱ्या पाण्यात टाकून वर झाकण ठेवले. सगळी माणसे दाराशी दाटली. नऊच्या सभेला पोचायचे तर पाऊण तासात निघायला हवे होते. पण कोणीही घाई केली नाही. म्हातारीने झाकण उचलले, वाफेत तोंड घातले आणि मागे सरली.

"घासलेट," ती म्हणाली.

"थोरासाच असंल," गोमाजी म्हणाला. "कच्च्याला वास नाय. त्यांना काय कलतंय? आठ किलोचा जितारा, सगुने. परत कवा लागंल?"

"त्यांना नाय कलनार," सगुणा म्हणाली.

"मग?"

"मग पाटीवर काय लिवू? भरतीचा?"

गोमाजीने मान खाली घातली. त्याच्या पायांवरचा चिखल वाळून तडकू लागला होता. थोड्या वेळाने त्याने जिताडा दोन्ही हातांनी उचलला, घरामागच्या माडाशी नेला आणि फावड्याने खड्डा खणू लागला. जनीला रडू येत होते. पण तिची आई रडत नव्हती, म्हणून तिने खडू उचलला.

"लिव," सगुणा म्हणाली. "तेबी लिव."

सभा तळमजल्यावरच्या दालनात होती. चाळीसएक माणसे लोखंडी खुर्च्यांवर बसली होती. सचिव शिवराम गावडे हे वेंगुर्ल्याकडचे. तहसील कचेरीत हेडक्लार्क म्हणून हयात काढलेले. स्वल्पविराम चुकला तर अर्ज परत करणारे, अशी त्यांची ख्याती होती. सगुणा जनीला घेऊन दारातून आत आली, तेव्हा तिच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. पाटी तिने टेबलापुढे ठेवली आणि तिच्या कडेवर दगडी पाटी टेकवली.

"हे काय?" शिवराम म्हणाले.

"तुमी ईच्यारलं ना, पाटीवर काय लिवलंय? ते लिवून आनलंय."

शिवरामांनी चष्मा बदलला आणि कचेरीतील आदेश वाचावा तशा आवाजात ते वाचू लागले:

"म्हावरं: बोय, कोलंबी, चिंबोरी. पाणी: खाडीचं, भरतीचं. धरलं: गोमाजीनं, सकाळी सात. वजन: वाटा. उष्मांक..." ते थांबले. "उष्मांक: चुलीवर."

दालनात हशा पिकला. कलावतीबाई मात्र हसल्या नाहीत. "पुढे वाचा," त्या म्हणाल्या.

"टिकेल: बोय, कोलंबी आजच्या जेवणापर्यंत. चिंबोरी..." शिवरामांनी घसा साफ केला. "जिती हाय तवर."

दुसरा हशा पहिल्यापेक्षा मोठा होता, आणि त्यात सगुणाही सामील झाली. एक चिंबोरी नेमकी त्याच वेळी पाटीच्या कडेवर चढू पाहत होती.

"शेवटची ओळ," शिवराम म्हणाले. "ओहोटीचं: जिताडा एक. वास आला. आणला नाही." त्यांनी मान वर केली. "सगुणाबाई, हे काही मला समजलं नाही. जी वस्तू आणलीच नाही, तिची नोंद कशासाठी?"

"आनली नाय, म्हनून तं लिवली. न्हायतं तुमाला कसं कलेल, मी काय टाकलं ते?"

"टाकलं कुठे?"

"घरामागं मारापाशी पुरला. आठ किलोचा व्हता, दादा. नवऱ्यानं अजून चाय बी नाय घेतली."

दुकानदार मागच्या रांगेतून म्हणाला, "साहेब, हे कोणीही लिहील! पाटीवर लिहायला काय जातंय? आमच्या पाकिटावर कंपनीचं छापलेलं आहे."

कलावतीबाई उठल्या. त्यांच्या हातात दोन पाकिटे आणि ते प्रसिद्ध भिंग होते.

"छापलेलं आहे, हे अगदी खरं. मी कालपासून वाचते आहे. महिन्याचा शिक्का दोन वेळा मारलाय. वर ऑगस्ट, आणि भिंगाखाली पाहिलं तर त्याच्या पोटात मार्च. कंपनीने मारला की आणखी कोणी, ते मला ठाऊक नाही आणि मी म्हणणारही नाही. पण कुठल्या समुद्रातलं, कुठल्या खाडीतलं, याबद्दल एक अक्षर नाही. प्रथिनं दशांशापर्यंत मोजलीत, आणि पाण्याचा पत्ता नाही! मी हिला विचारलं ते चुकीचं नव्हतं. फक्त तो प्रश्न मी पाकिटालाही विचारायला हवा होता."

"पण ताई, तिचं खरं कशावरून?"

"परवा चुकीचं निघालं तर तिला कुठे शोधायचं, ते मला माहीत आहे. झाडाखाली. तुमच्या पाकिटाला मी कुठे शोधू?"

शिवराम गावडे टेबलामागून पुढे आले, वाकले, आणि एका बोयीचा कल्ला अंगठ्याने उघडून त्यांनी आत पाहिले. हे त्यांनी ज्या सराईतपणे केले, त्यावरून तेही लहानपणी कुठल्यातरी किनाऱ्यावर आईच्या मागे टोपली घेऊन उभे राहिले असावेत, हे सगुणाला कळले. त्यांनी बोट नाकाशी नेले, आणि दीड महिना पाकिटावर काढलेल्या त्या गृहस्थाच्या गळ्याशी आवंढा हलला.

तरीही ठराव सरळ झाला नाही. दुकानदाराच्या बाजूची पाचसहा माणसे अडून बसली. अखेर तडजोड निघाली, आणि शिवरामांनी ती शब्द तोलून वहीत उतरवली: 'सदर पाटीस बदामाखाली बसण्यास परवानगी देण्यात येत आहे. पाटी दररोज सकाळी साडेआठच्या आत जागेवर मांडलेली असावी. एक दिवसही खंड पडल्यास जागा दुकानास देण्यात यावी.'

सगुणाला शेवटचे वाक्य ऐकूच आले नाही. सभा संपण्याआधीच बायकांनी पाटीला गराडा घातला होता. "चिंबोऱ्या मला!" "अगं, मी आधी हात लावलाय!" शिवरामांनी अत्यंत सावकाश वही मिटली, आणि उठून पाहतात तो बोय संपलेली.

"दोन ठेवल्यात तुमच्यासाठी," सगुणा त्या पदराखालून काढीत म्हणाली. "कल्ला उघरलात, मंजे घेनारच."

त्या दिवशी कोळीवाड्याच्या वाटेवर लोकांनी एक चाळिशीची बाई रिकामी पाटी उलटी डोक्यावर घालून, पोरीचा हात धरून पळताना पाहिली.

त्यानंतर सोळा दिवस सगुणा वेळेवर गेली. रोज पाटी धुतली जाई आणि रोज नवी लिहिली जाई. झाडाखाली बायका आधी वाचीत, मग म्हावऱ्यास हात लावीत. 'उष्मांक: चुलीवर' ही ओळ जनीने चुकीची म्हणून पुसली, तर तीन जणींनी तक्रार केली, ती परत लिहावी लागली.

सतराव्या दिवशी सकाळी गोमाजी दोन्ही टोपले रिकामे घेऊन आला. वर नदीकडून पुन्हा काहीतरी सोडले गेले होते. भरतीनेही ते धुऊन नेले नव्हते. खाडी बांधापर्यंत घासलेटाने दरवळत होती.

"ठराव," जनी म्हणाली. "आये, एक दिस चुकला की जागा गेली."

"बाजारातून कोनाचा तरी घेऊ," गोमाजी म्हणाला. "मुंबईचा. बरफातला."

"आन कोनी धरला, ते काय लिवू?" जनीने विचारले.

पावणेआठ वाजले. सगुणा उठली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "जने, लिव."

आठ वाजून वीस मिनिटांनी ती फाटकाशी पोचली. पहारेकरी काळुराम तिच्याकडे पाहतच राहिला; तिच्या डोक्यावर चुंबळ होती आणि चुंबळीवर फक्त दगडी पाटी. ती बदामाखाली नेहमीच्या जागी बसली आणि पाटी गुडघ्यांना टेकवून उभी केली. दुकानदार फ्रीजर पुसता पुसता थांबला. तो तडक वर गेला, आणि शिवराम गावड्यांना, ठरावाच्या वहीसकट, खाली घेऊन आला.

"बघा साहेब! म्हावरं नाही, काही नाही. खंड पडला की नाही?"

"सगुणाबाई," शिवराम म्हणाले, "पाटी कुठे आहे?"

"ही काय."

"म्हणजे म्हावऱ्याची?"

"ठरावात म्हावऱ्याची लिवलीय?"

शिवरामांनी वही उघडली. त्यांनी आपले अक्षर एकदा वाचले, मग चष्मा बदलून पुन्हा वाचले. वरच्या गॅलऱ्यांतून माणसे वाकली होती. कलावतीबाई जिना उतरून निम्म्यावर थांबल्या होत्या. सगुणा मान ताठ करून बसली होती.

"ठरावात," शिवराम सावकाश म्हणाले, "'पाटी' असा शब्द आहे. कोणती, हे लिहिलेलं नाही."

"पण साहेब, अर्थ तर..."

"अर्थ नव्हे. मजकूर. मजकूर माझा आहे, आणि तो मी तोलून लिहिला आहे." त्यांनी घड्याळ पाहिले. "आठ वाजून तेवीस मिनिटं. पाटी जागेवर आहे. खंड पडलेला नाही."

गॅलरीतून कोणीतरी टाळी वाजवली. तेवढ्यात वरून एका बाईने ओरडून विचारले, "आज काय आहे गं, सगुणा?"

शिवराम वाकले आणि पाटीवरचे त्यांनीच मोठ्याने वाचले: "आज खाडीला वास हाय. म्हावरं नाय. आज डाल खावा."

मग ते तसेच वाकून राहिले. "खडू आहे?"

सगुणाने केसांतून खडूचा तुकडा काढून दिला. शिवरामांनी बोटाने 'डाल'मधला 'ल' पुसला, त्या जागी नीट, वळणदार 'ळ' काढला, बोटांवरची पूड फुंकली आणि वही बगलेत मारून वळले.

"काळुराम," जिन्याकडे जाता जाता ते म्हणाले, "पाटीला कोणाचा धक्का लागता कामा नये."